लाटांतला सिंह

अंगातला कोट न काढताच गुरुदत्त टेबलावरच्या नाण्याकडे बघत राहिला. सकाळी काळंकुट्ट होतं, आता लख्ख तांबूस चमकत होतं.

"किती काळं पडलं होतं रे," आई म्हणाली. "देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून, तारेच्या घासणीने घासलं. आज लोकांना दाखवणार ना तू?"

वेंगुर्ल्याला डचांच्या जुन्या वखारीजवळ त्यांची वाडी. माड लावायला खणताना बाबांना हा डुइट सापडला होता. डुइट म्हणजे डचांचा तांब्याचा पैसा, अगदी हलक्या किमतीचा. गुरुदत्त अमेरिकेला निघाला तेव्हा बाबांनी तो त्याच्या खिशात घातला. पार्सिपनीच्या इन्शुरन्स ऑफिसात दिवसभर क्लेमच्या फायली उपसून पिट्टा पडायचा, तरी घरी आल्यावर तो या पैशाबद्दल वाचत बसे. एका बाजूला डच ईस्ट इंडिया कंपनीची एकमेकांत गुंफलेली अक्षरं, दुसऱ्या बाजूला प्रांताची खूण. हॉलंडची वेगळी, उट्रेख्टची वेगळी. याच्यावर झीलंडचा सिंह होता, लाटांतून अर्धाच वर आलेला. झिजून गेलेला तो सिंह खाचांतल्या काळेपणामुळेच काय तो दिसायचा. आता दिसत नव्हता.

कॉइन क्लबात इतकी वर्षं मागच्या खुर्चीवर काढल्यावर आज पहिल्यांदाच त्याला बोलायला सांगितलं होतं. आईचा त्याला भयंकर राग आला. पण त्याच्याकडे राहायला आलेली, इथल्या बर्फामुळे घरात कोंडलेली ती, चिंचेने बोटं आंबलेली, कौतुकाची वाट बघत उभी होती. आणि ओरडायचं त्राणही त्याच्यात उरलं नव्हतं.

"छान झालंय," तो म्हणाला.

क्लबात नाणं हातोहात फिरलं. म्हाताऱ्या अध्यक्षांनी भिंगाखाली धरून हळूच विचारलं, हे घासलं कोणी? घासलेल्या नाण्याला इथे कोणी विचारत नाही, हे गुरुदत्तला ठाऊक होतं. असंच मिळालं म्हणून सांगितलं असतं तरी खपून गेलं असतं.

"माझ्या आईने," तो म्हणाला. "आमच्याकडे देवाचं तांबं असंच घासतात."

मग त्या न दिसणाऱ्या सिंहाबद्दल ठरवलेलं सगळं तो बोलला.

घरी परतला तेव्हा आई दारातच उभी होती.

"आवडला का रे त्यांना सिंह?"

"आवडला."

तिने नाणं हातात घेतलं. त्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा डाग पडला होता. तो तिने पदराने पुसून काढला.