मानेतली सळई

प्रार्थनामंदिरातल्या करुणामाईची मान तडकली आणि ती सांधायचं काम छिन्नीताईच्या गळ्यात पडलं. दुसऱ्या कुणाच्या पडणार? मूर्ती तिच्या वडिलांनी घडवलेली, आणि त्यांच्यामागे त्यांची हत्यारं तीच चालवत होती.

पण एकदा अर्पण झालेल्या मूर्तीला लोखंड लावायचं नाही, असा मंदिराच्या मंडळींचा नेम. म्हणून मूर्ती कारखान्यात आल्यावर धर्मगुरू स्वतः आले. डोळे मिटून पाचेक मिनिटं पुटपुटले, मध्ये दोनदा खोकले आणि म्हणाले, "झालं. पुन्हा अर्पण होईपर्यंत हा नुसता दगड. खुशाल काम कर."

ते गेले आणि छिन्नीताईच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. खोकल्यात एखादा शब्द गिळला गेला असेल तर?

दोन दिवस तिने नसती कामं काढली. धार असलेल्या छिन्न्यांना धार लावली, झाडलेली फरशी पुन्हा झाडली. मूर्तीकडे पाठ करून चहा प्यायला बसली की पाठीवर मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या दिवशी मनाचा हिय्या करून तिने डोकं सुटं केलं आणि वाळूच्या पोत्यावर उलटं ठेवलं. ते डुगडुगायला लागलं. ड्रिल लावलं असतं तर नाकच घासून निघालं असतं. कुणीतरी धरायला हवं होतं.

तिने दादाला हाक मारली. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान शेजारीच होतं. विशीत असताना तो वडिलांशी कडाकडा भांडला होता. "आपणच घडवायचं आणि आपणच त्याच्यापुढे डोकं टेकायचं? देवाला रूप नसतं, बाबा!" छिन्नी टाकली ती टाकलीच. त्याच्या घरात भिंतीवर साधं चित्रही नव्हतं. छिन्नीताईला वाटलं, या कामाला याच्याइतका निर्धास्त माणूस मिळायचा नाही.

"एवढंच ना?" दादा हसत आला. "गुरूंनी दगडाचा दगड केला म्हणे. मोठीच कमाल!"

त्याने बाह्या सरसावल्या, खाली बसून दोन्ही तळवे त्या गालांना लावले.

"धरलंस?"

"थांब जरा."

"काय झालं?"

"काही नाही. मला एक फडकं दे. तिच्या डोळ्यांवर घालतो."

"दादा, दगड आहे तो."

"मला शिकवतेस?" तो खेकसला. मग हळूच म्हणाला, "हे गाल मी घासलेत गं. अठरा दिवस. बाबा म्हणायचे, अजून गार लागतायत, घास."

तिने फडकं दिलं. ड्रिल सुरू झालं तसा दादाने श्वास रोखला. दगडाची पिठी त्याच्या मनगटांवर साचत गेली, पण हात तसूभर हलले नाहीत. आजारी माणसाचं डोकं धरावं तसं त्याने ते धरलं होतं. भोक पडलं, सळई बसली, एपॉक्सीचा गोंद भरला. डोकं मानेवर चढवून दोघांनी ते तासभर दाबून धरलं. एकमेकांकडे मात्र बघितलं नाही.

आठवड्याने अर्पणविधी झाला. या वेळी धर्मगुरू एकदाही खोकले नाहीत. सगळ्यांनी डोकं टेकलं, छिन्नीताईनेही टेकलं. पण तिची नजर त्या सांध्यावरच. डावीकडे केसाएवढी रेघ दिसत होती. आधीची, की आत्ता पडलेली? तिचा हात पुढे गेला.

"आता नाही, ताई," धर्मगुरूंनी तिला अडवलं. "आता ती माई आहे."

परतताना ती दुकानात शिरली. दादाने डोळ्यावरचं भिंग काढलं.

"मान हलली नाही ना?"

"आता हात लावून बघता येत नाही."

"म्हणजे तुला नक्की माहीत नाही?"

"नाही."

दादाने समोरचं उघडं घड्याळ बाजूला सारलं, पुन्हा जवळ ओढलं. मग उठून चपला पायात सरकवल्या.

"चल," तो म्हणाला, "लांबून तरी बघू दे मला."