इस्त्रीखाली गेलेली चाळीस पानं

मी एक जुनी पितळी इस्त्री आहे, मित्रांनो, आणि अपराधी आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते. नाहीतर माझी चकाकी पाहून तुम्ही फसायचात!

मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. झाकणाच्या कडीवर चिमुकला पितळी कोंबडा, वर शिसवी मूठ, असा माझा थाट. अण्णांच्या ट्रंकेत बसून मी आगबोटीने रत्नागिरीला आले. अण्णा कचेरीत कारकून होते. त्यांचा काळा कोट ही माझी पहिली कामगिरी. त्यांची धाकटी मुलगी हेमा माझ्या पोटात करवंट्यांचे निखारे भरायची, विंझण्यानं वारा घालायची, आणि मी अशी काही फिरायचे की शेजारची तुळसाकाकू म्हणायची, "अगो, ही इस्त्री आहे की जादू!"

कौतुकानं मी फुगले. मला वाटू लागलं, जगात जे जे खडबडीत ते ते चुकीचं, आणि ते सपाट करायलाच माझा जन्म आहे.

हेमाची थोरली बहीण पद्मजा. सातव्या वर्षी तिला देवी आल्या आणि तिचे डोळे गेले. पुढची सात वर्षं ती पडवीत बसून वाती वळत राहिली. मग १९३३ साली देवरुखकडचे धोंडू मास्तर आले. त्यांनाही दिसत नव्हतं, पण मुंबईच्या अंधशाळेत ते ब्रेल शिकले होते. ब्रेल म्हणजे बोटांनी वाचायची उठावाच्या ठिपक्यांची लिपी. आमच्या पडवीत त्यांनी वर्ग काढला. पद्मजा, चिऱ्याच्या खाणीत डोळे गमावलेले रावजी आणि म्हातारी काशीबाई, एवढेच विद्यार्थी. काशीबाई म्हणायची, "मास्तर, मरायच्या आधी देवाचं नाव तरी बोटाला लागू दे हो!"

ब्रेलमधलं मराठी पुस्तक आमच्या गावात कुठून मिळणार? म्हणून मास्तरांनी ते स्वतःच केलं. जाड कागद पाटीत अडकवायचा आणि टोचणीनं मागच्या बाजूनं एकेक ठिपका टोचायचा. टक, टक, टक! चार महिन्यांत चाळीस पानं झाली. गोष्ट होती जयगडच्या दीपगृहाची. पद्मजा ती वाचताना अशी हसायची की मी फळीवरून बघतच राहायचे.

पण पडवीत पावसाची झड यायची. कागद सादळायचे. कोरडी खोली हवी होती. आळीतल्या वाचनालयाचे चिटणीस भाऊसाहेब म्हणाले, "शनिवारी येतो. मुलगी खरोखर वाचते असं दिसलं, तर मागची खोली तुमची." नाहीतर मास्तर मुंबईला परत जाणार होते. नारळी पौर्णिमा झाली होती, बोटी सुरू झाल्या होत्या.

शनिवारी सकाळी पद्मजा न्हाणीघरात होती. हेमानं अण्णांचा कोट संपवला आणि तिचं लक्ष त्या पानांकडे गेलं. ओलसर, वाकडी, दाणेदार. "अगोबाई! भाऊसाहेबांसमोर ताई ही असली पानं घेऊन बसणार?" असं म्हणून तिनं पहिलं पान माझ्याखाली ओढलं.

मित्रांनो, मला ते ठिपके लागले होते. अगदी स्पष्ट लागले. कापडाची सुरकुती अशी नसते, ती लोळते. हे ठिपके ओळीत उभे होते, कोणीतरी मुद्दाम उभे केल्यासारखे. तरी मी थांबले नाही. थांबणं माझ्या हाती नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण मग मला मजा का आली? एकेक ठिपका माझ्याखाली बसत होता आणि मी मनात म्हणत होते, वा, काय सपाट! चाळीसच्या चाळीस पानं मी तशी केली. हेमानं ती नीट रचून ठेवली. बिचारी इतकी खूश होती!

दुपारी भाऊसाहेब आले. पद्मजानं पहिल्या पानावर बोटं ठेवली. सरकवली. दुसरं पान घेतलं. तिसरं. मग तिनं पान नाकाशी नेलं आणि हळूच म्हणाली, "मास्तर, यांना इस्त्रीचा वास येतोय. यात काहीच राहिलं नाही."

मास्तरांनी पानांवरून हात फिरवला आणि तो तसाच ठेवला. हेमा दाराआड पांढरीफटक पडली.

आई कुजबुजली, "पाठ आहे ना तुझं? म्हण की तसंच! त्यांना काय कळणार?"

"नको गो आई. ते सोंग होईल."

भाऊसाहेब उठायला लागले. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "थांबा जरा. पद्मजा, तू अंगणात जा. भाऊसाहेब, तुम्हीच एक वाक्य सांगा. मी टोचतो, ती येऊन वाचेल."

भाऊसाहेब काही सुचवणार, इतक्यात दाराआडून हेमा पुढे आली. "वाक्य मी सांगू?" तिनं ते मास्तरांच्या कानात सांगितलं. मास्तरांनी भाऊसाहेबांच्या कानाशी लागून ते त्यांनाही सांगितलं, आणि मग टोचणी चालू लागली. टक, टक.

पद्मजा आत आली. कागदावरून तिची बोटं चालली, आणि ती मोठ्यानं वाचू लागली, "ताई, पानांना इस्त्री मी फिरवली. तुला छान दिसावं म्हणून. हेमा."

मग रावजी म्हणाले, "घ्या! आता तरी पटलं का, भाऊसाहेब?"

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. "सोमवारपासून खोली तुमची," एवढंच बोलले.

पद्मजानं हात पुढे करून हेमाची वेणी शोधली आणि अशी ओढली की ती कळवळली! "मला छान दिसावं म्हणून होय गो? मला?" आणि मग दोघी हसता हसता रडल्या.

वर्ग वाचला. पण ती चाळीस पानं गेली ती गेलीच. मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांच्या बोटाला घट्टा पडला. हेमा रोज त्यांच्याशेजारी बसून टोचायला शिकली. मला मात्र त्या दोघांकडे बघवत नसे.

पुढे घरात नवी इस्त्री आली. माझ्यात आता निखारे नाहीत. हेमानं त्या चाळिसांतलं एक सपाट पान घडी करून माझ्या पोटात ठेवलंय आणि कोंबड्याची कडी लावलीय. दीपगृहाच्या गोष्टीतलं ते कितवं पान, कोणाला ठाऊक नाही. ते आता पद्मजाला वाचता येत नाही आणि मलाही नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. दुसऱ्याची वस्तू तुम्हाला वाकडी किंवा खडबडीत दिसली, तर ती नीट करण्याआधी एकदा त्याला विचारा. विचारायला शब्द लागतात दोन: "करू का?" ते त्या सकाळी हेमाला सुचले नाहीत, आणि मला तर तोंडच नव्हतं. तुम्हाला आहे.