शीटमागची भिंत

वाचकहो, एका बापाने लेकीच्या सुखासाठी जे केले, तेच तिच्या तान्हुलीच्या श्वासावर कसे उठले, ती दुःखद हकीकत मी येथे सादर करीत आहे. कृपया मन घट्ट करून वाचावी.

कळव्यातील एका जीर्ण इमारतीत तळमजल्यावर तानाजीराव व त्यांच्या धर्मपत्नी शेवंतीबाई राहत असत. वरच्या न्हाणीघराचे पाणी सहा वर्षे त्यांच्या आतल्या खोलीच्या भिंतीत मुरत होते. तिच्यावर काळ्या बुरशीचे थर चढले होते. कन्या विनिता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार, म्हणून तानाजीरावांनी स्वहस्ते त्या भिंतीवर प्लास्टिकची शुभ्र शीट ठोकली.

"काय हो बाबा, हॉटेलच केलंत की!" विनिता हसली.

"मग! माझं नातवंड येणार आहे, चेष्टा आहे का?"

कन्यारत्न जन्मले. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून शेवंतीबाईंनी खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या व दोन्ही वेळ ओव्याची धुरी दिली. सव्वा महिन्यावर बारसे ठरले. परंतु तिसऱ्या आठवड्यात बाळाची छाती घरघरू लागली.

"आई, खिडकी उघड ना गं. कुबट वास येतोय."

"गप! वारा बाधला तर जन्मभर कंबर धरून बसशील."

तो वास कशाचा, हे तानाजीरावांना ठाऊक होते. परंतु शीट काढली तर लेकीसमोर शोभा होईल, या लज्जेने ते गप्प राहिले.

बारशाच्या आदल्या दिवशी बाळाचे ओठ निळे पडले. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारले, "घरात ओल आहे का?"

 अखेर तानाजीराव म्हणाले, "आहे. मी झाकली."

बाळ वाचले, मात्र फुप्फुसे कितपत सुधारतील, हे सांगता येत नव्हते. त्या घरात पुन्हा नेऊ नका, अशी ताकीद मिळाली. विनिता परस्पर वर्तकनगरला सासरी गेली. जाताना एवढेच म्हणाली, "सांगायचं होतंत, बाबा. मी बाहेरच्या खोलीत जमिनीवरपण झोपले असते."

घरी येऊन तानाजीरावांनी शीट उपटली. मागची भिंत म्हशीच्या पाठीसारखी काळी, केसाळ झाली होती. शेवंतीबाईंना खोकल्याची उबळ आली. ती महिनाभर येतच होती. कोणाचे लक्ष नव्हते.

"अहो, आपण जायचं कुठं?"

  तानाजीरावांनी हातोडी घेतली आणि तीच शीट पुन्हा ठोकली. छताच्या कडीला रिकामा पाळणा लोंबत होता. तो मात्र त्यांच्याने सोडवेना.

आपण वेळ काढून ही कथा वाचलीत, याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.

मधु हरी म्हात्रे, कळवा