घाण तेल मोजणारी तोंडाळ पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे आणि तोंडाळ आहे. चुगलखोर म्हणालात तरी चालेल, कामच तसं आहे. जहाजाच्या इंजिनातलं घाण तेल एका टाकीत साठतं. ते बंदरावर उतरवून द्यायचं, समुद्रात सोडायचं नाही, असा नियम. त्या टाकीवर बसून मी अष्टौप्रहर तेल मोजायचे आणि जहाज कुठे आहे ते धरून आकडा पुण्याला आमच्या कंपनीला कळवायचे.

वाघोलीच्या एका शेडमध्ये विश्रांतवाडीच्या रुपालीने मला घडवलं. पहिल्या वर्षी माझं कौतुक काय, हारतुरे काय! कंपनीच्या अनिरुद्धसाहेबांनी माझ्याबरोबर फोटो काढले. आग लागो त्या फोटोंना!

मग एके दिवशी भर समुद्रात टाकीतलं तीन हजार लिटर तेल गायब झालं. बंदर कुठे जवळपाससुद्धा नव्हतं. मी तत्काळ कळवलं. जहाजवाले उलटे ओरडले, "तुमची पेटीच बिघडलीय!" चोर तो चोर, वर शिरजोर! मला उपटून त्यांनी पुण्याला परत धाडलं.

साहेबांनी रुपालीपुढे कागद सरकवला. "पेटी बिघडली होती, असं लिहा आणि सही करा. गिऱ्हाईक मोठं आहे."

"आधी तपासते," ती म्हणाली.

तिने पिंपात पाणी भरून मला वर बसवलं. तिची पाठ वळताच, माझा आकडा चुकलेला दिसावा म्हणून साहेबांनी हळूच तांब्याभर पाणी काढून कुंडीत ओतलं. मेल्याला वाटलं, मी आंधळी आहे! पडद्यावर लगेच उमटलं: अकरा चाळीस, एक लिटर कमी.

रुपालीने पडदा पाहिला, मग ओली कुंडी. "अहो साहेब, समुद्रातही असंच झालं असणार, नाही का?"

सगळं ऑफिस खो खो हसलं. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

तिच्या घरात कमावती ती एकटीच. तरी तिने लिहिलं: 'पेटी ठणठणीत आहे. तेल समुद्रातच सोडलं.' आणि एक प्रत थेट बंदराच्या अधिकाऱ्यांना पाठवून दिली.

मी आता भंगाराच्या खोक्यात पडले आहे. माझी धूळ पुसायला येऊ नका, धुळीने मी मरत नाही. जपायचंच असेल तर खरं बोलणाऱ्या माणसाला जपा. त्या दिवशी हसायला अकरा जण होते. रुपाली पिशवी उचलून निघाली, तेव्हा एकही जण खुर्चीवरून उठला नाही.