पाऊसमाप

महाडला मोठा पूर आला, त्या वर्षी दर्शनाने ‘पाऊसमाप’ हे ॲप लिहायला घेतलं. डोंगरावरच्या गावांनी रोज सकाळी अंगणातल्या भांड्यात मोजलेला पाऊस मोबाइलवर टाकायचा आणि खालच्या गावांनी तो बघून सावध व्हायचं, एवढंच काम. कोड सगळ्यांना खुला; कोणीही सुधारावा, फुकट वापरावा. महाडच्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या दर्शनाला वाटलं होतं, दोन तालुक्यांपुरतं होईल. पण वर्षभरात तीस-चाळीस माणसं जमली. कोणी नागपूरचा, कोणी कोईमतूरची. कधी न भेटलेले लोक एकमेकांच्या चुका दुरुस्त करत होते. या सगळ्यांना धरून ठेवायचा तो तिचा जुना वर्गमित्र किशोर.

मग किशोरला बंगलोरला नोकरी लागली. “दर रविवारी बसेन गं,” म्हणाला. चार रविवार बसला. त्याच्यामागून एकेक जण पांगला. भांडण नाही, तंटा नाही. लोक नुसते उत्तरं द्यायचे थांबले. नव्या मोबाइलांवर ॲप उघडेना, आणि बिघाड कुठे आहे ते एकट्या दर्शनाला उलगडेना. गावांनी आकडे टाकणं सोडलं.

उरले पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरावरचे, कुडपणचे कुशाबा. ॲप उघडत नाही म्हणून ते सकाळी फोनच करायचे. “बाय, लिव. एकशे बारा.” तो आकडा दर्शना स्वतः भरायची.

गणपती झाल्यावर ती कुडपणला गेली. असली गोष्ट फोनवर सांगणं तिला बरं वाटेना.

“कुशाबा, आता नका त्रास घेऊ. मी ते बंद करतेय.”

“का गो?”

“कोणी बघतच नाही.”

म्हातारा म्हणाला, “मला वाटला, कापड्याला दिलेली माझी शकू बघत असंल. नदीच्या कडंला घर हाय तिचा.”

“मी बघत होते ना.”

“तू बघून काय व्हनार? तू ऱ्हातेस म्हाडात, तिसऱ्या माळ्यावर.”

घरी येऊन तिने प्रकल्प बंद होत असल्याची सूचना टाकली. आठवड्याने निलगिरीतून दिशा नावाच्या मुलीचं उत्तर आलं. चहामळ्यांतल्या वस्त्यांसाठी त्यांना हेच हवं होतं, आणि सोबत तिने तो बिघाडही दुरुस्त करून पाठवला होता. दर्शनाने तो बदल तीनदा तपासला. अचूक होता. दिशाच्या मागून आणखी सात-आठ जण आले. दिवाळीपर्यंत तिथल्या पावसाचे आकडे धडाधड पडू लागले. किशोरनेही खाली शाबासकीचा एक अंगठा टाकला.

जूनमध्ये तिने कुशाबांना फोन लावला. “ॲप नीट चालतंय आता. मोजाल?”

“ता भांडा मी कवाच काढला, बाय. त्येत कोंबड्यांना पानी ठेवतो.”

“पुन्हा लावूया ना.”

“आता नाय. चालू दे तुजा.”

दुसऱ्या गावांतही ती फिरली. सगळ्यांनी चहा दिला. “मागं बंदच पडला व्हता ना?” असं एकाने विचारलं, बाकीच्यांनी तेवढंही नाही.

जुलैत आंबेनळी घाटात दरड कोसळली. शकूच्या अंगणात नदी शिरली. माणसं वाचली, दोन म्हशी गेल्या. दर्शनाने नकाशा उघडला, तर पोलादपूर कोरं होतं. त्याच दुपारी दिशाचा संदेश आला, “ताई, शंभर गावं झाली!”

दर्शनाने “अभिनंदन” लिहिलं आणि तिने पाठवलेला पुढचा बदल तपासायला घेतला.