बिल नसलेली भाकरी

मित्रांनो, मी एक जुना पितळेचा डबा आहे. तीन कप्पे, बाजूला कडी, वर मूठ. चिंचेच्या आंबटाला मी कधी भ्यालो नाही, की ट्रकच्या धक्क्यांना. पण एका कागदाच्या चिठ्ठीने माझा जीव जाळला. तिच्या हेव्यापायी मी जे केलं, ते आज तुम्हांला सांगून मोकळा होतो.

साताऱ्याकडच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. पोटातून चांदण्यासारखी कल्हई केली, झाकणावर टिंब टिंब देऊन नाव कोरलं: सौ. सत्यभामा. तिच्या रुखवतात मी मिरवलो आणि तिच्याबरोबरच नव्या मुंबईत आलो. तिचा नवरा हौसेराव एका कंत्राटदाराकडे केबल टाकायच्या कामावर होता. करावे गावात त्यांनी खोली घेतली. खाडीचं खारं वारं मला काळं पाडी, सत्यभामा राखेने उजळ करी. पहाटे मला भरताना ती गुणगुणे,

पितळी डब्यामंदी, भाकरीची ऊब बाई
कंत्राटी राजा माझा, उपाशी कंदी न्हाई

ती ओवी माझी होती. दुपारी हौसेराव कडी काढत, तेव्हा कचेरीतले कारकून मकबूलभाईही जवळ सरकत. ते रायगडच्या किनाऱ्यावरचे, मासळीवर वाढलेले. पण सत्यभामेची कारळ्याची चटणी भाकरीवर घेतली की म्हणत, असली चटणी आमच्या साऱ्या किनाऱ्यावर शोधून मिळायची नाही. ते ऐकून माझं पितळ आणखी पिवळं होई.

मग पंच्याण्णव साल उजाडलं. काम खारघरच्या उघड्या माळावर गेलं. लांबच्या कामाला जेवणाचा भत्ता मिळतो, पण बिल जोडावं लागतं, असं मकबूलभाईंनी सांगितलं. नेमकं तेव्हाच हौसेरावांच्या मुलीला, ज्ञानेश्वरीला, फळ्यावरचं दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी नंबर लिहून दिला होता. भत्त्यातून पोरीचा चष्मा करायचा, असं हौसेरावांनी ठरवलं आणि ते माळावरच्या यशोदाबाईंच्या खानावळीत जेवू लागले.

सत्यभामेला ते लागलं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या भाकरीला बिल न्हाई, म्हून ती जेवान न्हवं का?"

मी खिळ्यावर टांगलेला राहिलो. संध्याकाळी हौसेराव येत आणि खिशातून खानावळीच्या बिलाची गुलाबी चिठ्ठी काढत. काय होतं तिच्यात, सांगा. ना ऊब, ना चव, ना धड कडी. फुंकर मारली तर उडेल. मी बारा वर्षं भाकरी वाहिली, तरी मला कधी छातीशी धरलं नव्हतं. ती मात्र सदऱ्याच्या वरच्या खिशात, काळजापाशी बसून यायची. रात्री उशाखालच्या वहीत जाऊन निजायची. मला तिचा इतका राग येई की माझ्या कडेला हिरवं चढलं.

पंधरा दिवसांत खानावळीच्या तिखटाने हौसेरावांचं पोट जळू लागलं. सत्यभामेने मला घासलं, पुन्हा भरलं. मला वाटलं, जिंकलो. पण चिठ्ठ्या थांबल्या नाहीत. जेवण डब्यातलं आणि बिल खानावळीचं, असं सुरू झालं. यशोदाबाई भोळ्या मायेने म्हणत, "घे रे बाबा, कागूदच हाय तो."

महिनाअखेरीला हौसेराव कचेरीत जायला निघाले. भाकरी फडक्यात बांधली होती, म्हणून माझा खालचा कप्पा रिकामा होता. वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांनी चिठ्ठ्यांची जुडी त्यातच ठेवली. माझी वैरीण माझ्याच पोटात! त्याच्या वरच्या कप्प्यात तेलात कालवलेली कारळ्याची चटणी. ट्रक खड्ड्यात उसळला. कडी घट्ट धरणं हे माझं एकच काम होतं, मित्रांनो. मी ती सैल सोडली.

काळं तेल झिरपलं आणि एकेका चिठ्ठीवर पसरलं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

मकबूलभाईंनी जुडी हातात घेतली, बोटाला लागलेलं तेल हुंगलं आणि दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हौसेराव, यशोदाबाईकडे सुकट असते, कोलीम असतो, सगळी मासळीच. तिच्याकडे कारळं कधीपासून आलं?"

हौसेरावांची मान खाली गेली. "पोरीचा चष्मा हाय, मकबूलभाई. भायेरचं पोटाला सोसंना, आन् घरच्या भाकरीला बिल कोन देनार?"

"साहेबांच्या टेबलावर हे गेलं असतं, तर उद्यापासून कामावर यायची गरज नव्हती तुमाला."

त्यांनी साऱ्या चिठ्ठ्या फाडल्या. खानावळीत खरंच जेवलेल्या दिवसांच्याही फाडल्या, कारण डागातून खरं-खोटं निवडता येत नव्हतं. तुकडे माझ्या खालच्या कप्प्यात घालून म्हणाले, घरी नेऊन जाळा. मग त्यांनी कराराचा कागद काढून पार मागच्या पानापर्यंत वाचला. शेवटची ओळ होती: बिल नसल्यास साध्या अर्जावर निम्मा भत्ता. ती ओळ कुणी वाचलीच नव्हती, मकबूलभाईंनीसुद्धा नाही. त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि कोरा कागद पुढे केला.

हौसेरावांनी अडखळत लिहिलं, 'मी रोज घरचा डबा खातो.'

मित्रांनो, कचेरीच्या कागदावर माझं नाव चढलं. ज्या मानासाठी मी जळत होतो, तो मिळाला. पण तो महिना बुडाला आणि पुढचा भत्ता निम्म्यानेच आला. ज्ञानेश्वरीचा चष्मा तीन महिने लांबला. मधल्या काळात परीक्षा झाली. घरी येऊन ती आईला म्हणाली, "आई, फळ्यावरचा तीन मला आठ दिसला. सगळी गणितं आठाचीच केली मी." आणि हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही. मी फळीवर होतो. त्या रात्री सत्यभामेने राखेने कितीही घासलं, तरी मला उजळता आलं नाही.

आता मी माळ्यावर असतो. कल्हई उडाली आहे, आत काही ठेवलं तर कळकतं. खालच्या कप्प्याच्या तळाशी तेलाने चिकटलेला गुलाबी तुकडा अजून आहे, जाळायचा राहून गेलेला. आम्ही दोघं आता भांडत नाही. ती चिठ्ठीही बिचारी पोरीच्या चष्म्यासाठीच धडपडत होती, हे मला उशिरा कळलं.

तुमच्या घरी असा जुना डबा असेल, तर वर्षातून एकदा त्याला कल्हई करून आणा, मित्रांनो. आणि कधी कुणाचा हेवा वाटला, तर वाटू द्या, तो कुणाला चुकला आहे? फक्त ज्याचं अन्न तुमच्या हाती दिलं आहे, त्याच्यासाठी कडी घट्ट धरून ठेवा.