परत पाठवलेल्यांचं बाक

बेकरीचं शटर वर गेलं की समोरच्या फुटपाथवर आधी चपलांचा ढीग दिसायचा, मग माणसं. फर्निचरच्या बंद पडलेल्या दुकानात फुंकरबाबांनी बस्तान मांडल्यापासून सगळ्या रस्त्याला जाग आली होती. आत बाबा उंच खुर्चीवर बसलेले असत. समोर अंगभर लाल ठिपके उठलेला एखादा मुलगा. बाबा डोळे मिटत, गाल फुगवत आणि अशी फुंकर घालत की पुढच्या रांगेतल्यांचे केस उडत.

"घसा!" बाबा एकदम डोळे उघडत. "हे उठायच्या आधी घसा धरला होता की नाही?"

"होता हो!" मुलाची आई हात जोडून म्हणे. "पण तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठलं कळतंय, बाई. फुंकरीला कळतं."

मग तेलाची बाटली, रोज गच्चीवर कोवळं ऊन आणि दोन महिने धीर. दोन महिन्यांनी मुलगा नितळ, आणि त्याचा फोटो भिंतीवर. त्या भिंतीचा मूळ रंग कोणता, हे आता कुणाला सांगता आलं नसतं.

बेकरीवालीच्या लेकीचा फोटोही तिथेच होता. खरी पंचाईत तीच होती. लेकीच्या पाठीपोटावर थेंबाथेंबांसारखे डाग उठले, बाबांनी फुंकर घातली, डाग गेले. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं?

आईचं गाडं मात्र दारातच अडलं होतं. तिच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, केसांत जाड लाल चट्टे होते, वर चंदेरी पापुद्रा. भर उन्हाळ्यात धगधगत्या भट्टीसमोरही ती लांब बाह्या घालून उभी राहायची. पावावर पीठ पडलेलं गिऱ्हाइकाला चालतं, दुसरं काही पडल्याची नुसती शंकाही चालत नाही. ती दोनदा बाबांकडे गेली. दोन्ही वेळा दारावरच्या चेल्याने बाह्या वर करायला लावल्या, कोपरं पाहिली आणि मान हलवली.

"श्रद्धा कमी पडते, ताई."

"कोपरावरून कळतं?"

"दृष्टी लागते त्याला. शिवाय डॉक्टरची गोळी पोटात आहे तोवर फुंकर लागू पडत नाही. गोळी सोडा, मग या."

ती गोळी आठवड्यातून एकदा, शनिवारी घ्यायची होती. सुरू होण्याआधी तिची बोटं सकाळी सुजून काठीसारखी ताठ व्हायची. पीठ मळणं राहू दे, शटरची किल्लीही फिरत नसे. ते दिवस ती विसरली नव्हती. पण लेकीची नितळ पाठ रोज समोर दिसत होती. शेवटी तिने मनाशी ठरवलं, येत्या शनिवारपासून गोळी बंद.

शुक्रवारी दुपारी नणंद आली. ती मोठ्या दवाखान्यात त्वचेची डॉक्टर. गोळी तिनेच लिहून दिलेली.

"वहिनी, उद्याची गोळी आहे ना?"

"सोडतेय मी." बेकरीवालीने अंड्यांची टोपली पुढे ओढली आणि एकेक अंडं दिव्यासमोर धरून पाहू लागली. "तुझी मलमं चोळून हात दुखले माझे. समोरच्याने लेकीला एका फुंकरीत बरं केलं."

"पिकतं तिथे विकत नाही, ते असं." नणंदेने बरणीतला टोस्ट स्वतःच काढून घेतला. "बरं, त्याने लेकीला आधी घशाचं विचारलं असेल?"

बेकरीवालीचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं? तू तर तेव्हा इथे नव्हतीस."

"मग मलाही एक उंच खुर्ची आण."

"चेष्टा पुरे. नीट सांग."

"तुम्हा दोघींना झाला तो सोरायसिस, म्हणजे कातडीची घाई. नवी पेशी खालून वर यायला एरवी महिनाभर लागतो. सोरायसिसमध्ये ती काही दिवसांतच वर येते. शरीराची राखण करणारी यंत्रणाच विनाकारण घाई करते."

"म्हणजे भट्टी जास्त तापली."

"अगदी. अर्धाकच्चा माल थरावर थर साचतो. तो तुझा पापुद्रा. पण सगळ्यांचा सोरायसिस एका साच्यातला नसतो. लेकीचा होता थेंबांचा. बहुतेकदा लहान-तरुणांना, घसा धरून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी उठतो, आणि पुष्कळांचा काही महिन्यांत आपला आपण ओसरतो. कोवळ्या उन्हाची मदतही होते. काहींना पुढे परत येतो, म्हणून लक्ष ठेवायचं."

"आणि माझा?"

"चट्ट्यांचा. सगळ्यांत जास्त आढळणारा आणि ठाण मांडून बसणारा. काखेत, जांघेत होतो त्याला पापुद्रा नसतो, लोक गजकर्ण समजून भलतंच चोळत बसतात. एक पुवाच्या फोडांचा असतो. आणि एक असा, की सगळं अंग लाल होऊन सोलतं. तेव्हा ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. चालू औषध एकदम सोडलं तर कधीकधी मजल तिथवर जाते. तुझे तर सांधेही धरलेत. मी गोळी दिली ती बोटांसाठी, वहिनी. वाकडी झालेली बोटं मला सरळ करता येणार नाहीत."

बेकरीवालीने पुढचं अंडं उचललं. "पण बाबांकडे सगळे थेंबवालेच कसे गं येतात?"

हातातलं अंडं दिव्यासमोर होतं. आत काळपट सावली दिसली, तशी तिने सवयीने ते बाजूला काढलं. मग टोपलीकडे पाहिलं, बाजूच्या अंड्याकडे पाहिलं, आणि स्टूल ओढून बसली.

"येत सगळेच असतील," ती हळूच म्हणाली. "मी खराब अंडी आधी काढून टाकते, आणि मग गिऱ्हाइकाला ऐटीत सांगते, माझ्या टोपलीत एकही अंडं खराब नाही. दारावर कोपरं बघतात ती यासाठी!"

"कोपर म्हणजे चट्ट्यांचा ठरलेला पत्ता," नणंद म्हणाली. "गडी हुशार आहे. आमच्याकडे नोकरीला हवा होता."

बेकरीवाली दुकानातल्या बाकाकडे बघत होती. बाबांच्या दारावरून परत फिरलेली काही माणसं रोज तिथे येऊन टेकत, चहा मागवत आणि कुणाशी बोलत नसत. आत्ताही एक बसचालक आणि एक शिवणकामवाली दोन टोकांना बसली होती. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि दोघांच्या बाह्या मनगटापर्यंत.

"मामा," तिने बसचालकाला विचारलं, "तुम्हाला काय सांगितलं बाबांच्या दारावर?"

तो ओशाळला. "काय सांगणार? श्रद्धा कमी पडते म्हणाले."

शिवणकामवालीने झटकन मान वर केली. "तुम्हालाही? मला वाटलं, मीच एक करंटी."

बेकरीवालीने आपल्या बाह्या सरळ वर केल्या. बसचालकाने तिची कोपरं पाहिली आणि स्वतःच्या बाहीचं बटण काढलं. शिवणकामवालीने जरा वेळ घेतला.

शनिवारी सकाळी बेकरीवाली, नणंद आणि बाकावरची सगळी माणसं रस्ता ओलांडून गेली. चेला आडवा आला, तर बेकरीवालीने दोन्ही कोपरं त्याच्यासमोर धरली.

"बघितलीत ना? आता सरका. बाबा, या कोपरांवर एक फुंकर होऊन जाऊ द्या."

बाबांनी डोळे मिटले. "श्रद्धेवाचून..."

"माझ्या लेकीची श्रद्धा तपासली होती? तुमचे फुगलेले गाल बघून ती ओठ चावून हसू दाबत होती. घरी आठवडाभर तुमची नक्कल चालली होती. तिचे डाग गेले, आणि ही माणसं हात जोडून आली ती परत पाठवलीत!"

रांगेत खसखस पिकली. नणंद एका ठिपकेवाल्या मुलाजवळ गेली. "घसा धरला होता ना रे? ताप होता?"

"हो," मुलाची आई चकित झाली. "तुम्हीही फुंकर घालता?"

"नाही हो, मी पुस्तक वाचलंय. घसा तपासून घ्या. डाग बहुतेक ओसरतील, आणि नाही ओसरले तरी मलम आहे, दवाखान्यात मोजून दिलेला प्रकाश आहे, गोळ्या, इंजेक्शनं आहेत. आजार कायमचा जाईल असं मी म्हणणार नाही. ताब्यात मात्र राहतो."

"माझ्या फुंकरीने कुणाचं काय बिघडलं?" बाबा पहिल्यांदाच साध्या आवाजात बोलले.

"फुंकरीने काहीच नाही," नणंद म्हणाली. "'गोळी सोडा' याने बिघडतं."

भिंतीवरच्या फोटोंकडे बघत कुणीतरी विचारलं, "बाबा, कोपरवाल्यांचा फोटो कुठला?" बाबांनी गाल फुगवले, पण फुंकर काही बाहेर पडली नाही.

काहीजण तरीही रांगेत राहिले. बरेचजण चपला शोधू लागले.

बेकरीवाली दुकानात परतली, गोळी घेतली आणि बाह्या तशाच वर ठेवून पाव मोजू लागली. नेहमीच्या एका गिऱ्हाइकाने कोपराकडे चोरून पाहिलं.

"लागतं का हे दुसऱ्याला?"

"हाताने नाही, पावाने नाही आणि फुंकरीनेही नाही. किती देऊ?"

ते क्षणभर घुटमळलं. मग त्याने तिच्याच हातून पाव घेतले.

चमत्कार दाखवणारा बरे झालेल्यांना पुढे बसवतो. त्यांना जरूर बघावं. पण टाळी वाजवण्याआधी रस्ता ओलांडून एवढं विचारावं, की परत पाठवलेले कुठे बसले आहेत?